हात सगळ्यांबरोबर वर गेला, आता?

पत्र, थोडं आटोपतं करून:

"मी गोव्यातल्या डिचोली तालुक्यातला. वय ४३. वाड्यावरच्या भजनी मंडळात वीस वर्षं पेटी वाजवतो. आमच्या ग्रामदेवतेचं जुनं देऊळ पाडून नवं, स्लॅबचं, संगमरवर घातलेलं देऊळ बांधायचं ठरलंय. जुन्याला चिऱ्याच्या भिंती, नळ्यांचं छप्पर आणि चौकात कोरीव लाकडी खांब आहेत. घरटी ५१ हजार वर्गणी. देवीचा कौल उजवा झाला असं सभेत सांगितलं आणि सगळ्यांनी हात वर केले. मीही केला. घरी आलो आणि झोप लागेना. मला देऊळ पाडायचं नाही. पण देवीनेच सांगितलं असेल तर मी कोण? आणि तिचं सांगणं मला पटत नसेल तर इतकी वर्षं माझी श्रद्धा होती तरी का? थोरले काका म्हणतात, गावाचं तेच आपलं. बायको म्हणते गप्प राहा, मुलीचं लग्न व्हायचंय. माझा विश्वास माझा आहे की गावाचा, हेच कळेनासं झालंय. पुढची सभा सप्ताहाच्या आधी आहे."

पेटीवाले दादा,

तुमच्या पत्रात तीन प्रश्न एकाच गाठीत अडकलेत. देवीवर माझा विश्वास आहे का, हा एक. कौलावर, म्हणजे पाकळ्या लावून देवीला विचारण्यावर, आहे का, हा दुसरा. चिऱ्याच्या भिंती पाडून स्लॅब घालावा का, हा तिसरा. तिसरा प्रश्न गवंड्याचा आणि इंजिनिअरचा आहे. त्याला तुमचं उत्तर 'नको' आलं म्हणून पहिल्याचं उत्तर 'नाही' होत नाही. ही गाठ तुम्ही मारलेली नाही. सगळा गाव एका सुरात बोलायला लागला की किरकोळ बाबसुद्धा निष्ठेची परीक्षा होऊन बसते. मांडव कुठे घालायचा, पालखी कुठल्या वाटेने न्यायची, एवढ्यावरून वर्षानुवर्षं एकमेकांच्या घरी पाणी न पिणारे भाऊबंद तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त माहीत असतील.

आता सभेत तुमच्या हाताचं काय झालं ते पाहू, कारण त्या एका हाताला तुम्ही फार मोठा अर्थ दिलाय.

अमेरिकेत १९५१ साली सॉलोमन अ‍ॅश या मानसशास्त्रज्ञाने एक साधा प्रयोग केला. कार्डावर एक रेघ, शेजारच्या कार्डावर तीन रेघा. तिघींतली कुठली पहिलीएवढी लांब आहे ते मोठ्याने सांगायचं. खोलीतले बाकी सगळे अ‍ॅशने आधीच पढवून ठेवलेले, खरा परीक्षार्थी एकच आणि त्याची पाळी शेवटाकडे. १८ फेऱ्यांपैकी १२ फेऱ्यांत बाकीचे सगळे एकमुखाने चुकीचं उत्तर देत. एकट्याने करताना शंभरात एकही चूक न करणारी माणसं त्या फेऱ्यांत साधारण एक तृतीयांश वेळा गटाबरोबर चुकीचं बोलली. चारांतले तीन निदान एकदा तरी वाहवले. चारांतला एक मात्र शेवटपर्यंत हलला नाही, आणि हा चौथा माणूस लोक प्रयोगाची गोष्ट सांगताना नेहमी विसरतात.

तुमच्या कामाचं पुढचं आहे. अ‍ॅशने नंतर त्या माणसांना बसवून विचारलं की बाबांनो, असं का बोललात? तीन तऱ्हा निघाल्या. अगदी थोड्यांना रेघ खरोखरच तशी दिसायला लागली होती. काहींना आपलं उत्तर बरोबर आहे हे पक्कं ठाऊक होतं, पण वेगळं पडायचं नव्हतं म्हणून ते खोटं बोलले. पण बहुतेकांना रेघ बरोबर दिसत होती आणि तरी वाटत होतं की इतके जण म्हणतात म्हणजे माझ्याच डोळ्यांत काहीतरी बिघाड असणार.

तुम्ही स्वतःला दुसऱ्या तऱ्हेत टाकलंय: 'मी भित्रा, मी खोटा.' पत्र वाचून आम्हाला तुम्ही तिसरे वाटता. 'देवीनेच सांगितलं असेल तर मी कोण' हे वाक्य भित्र्याचं नाही, स्वतःच्या नजरेवरचा भरवसा गमावलेल्या माणसाचं आहे. फरक महत्त्वाचा आहे, कारण इलाज वेगळे. भीतीला सोबत लागते. उडालेल्या भरवशाला आधी कागद लागतो, सोबत मागाहून. कागदाकडे येतोच.

तुम्ही म्हणाल, रेघेला पट्टी लावता येते, देवीच्या इच्छेला कुठली पट्टी? बरोबर. म्हणून रेघेपेक्षा दिव्याचा प्रयोग तुमच्या प्रश्नाच्या जास्त जवळचा. १९३५ साली मुझफर शेरिफ यांनी माणसांना काळोख्या खोलीत बसवून एक स्थिर ठिपक्याएवढा उजेड दाखवला. मिट्ट काळोखात तो हलल्यासारखा भासतो. हा डोळ्याचाच खेळ. किती हलला, असं एकेकट्याला विचारलं तर प्रत्येकाचा आकडा वेगळा. एकत्र बसवलं की आकडे हळूहळू एका ठिकाणी येतात. आणि मग पुन्हा एकटं बसवलं तरी माणूस गटाचाच आकडा सांगतो, आता त्याच्यावर कोणाचाही डोळा नसताना. पुढे १९६१ मध्ये जेकब्स आणि कॅम्पबेल यांनी यावर कडी केली. पढवलेल्या माणसांकडून मुद्दाम फुगवलेला आकडा रूढ करवला, मग एकेक माणूस बदलत गेले. सगळे पढवलेले निघून गेल्यावरही नवी माणसं काही पिढ्या तोच फुगवलेला आकडा इमानदारीने सांगत राहिली. मग तो हळूहळू विरला. त्या नव्या माणसांवर कोणी उघड दबाव आणलेला नव्हता.

इथे गोव्याच्याच इतिहासातली एक उलट बाजू पाहण्यासारखी आहे. पोर्तुगीज काळातल्या चर्चच्या धर्मन्यायालयाने, म्हणजे इन्क्विझिशनने, १७३६ मध्ये फतवा काढून बाटलेल्या कुटुंबांना अंगणात तुळस लावायला, हिंदूंच्या रीतीने मिठाशिवाय भात शिजवायला मनाई केली होती. अशा हुकमात जबरदस्ती उघड्यावर असते. माणूस वरून मान तुकवतो, पण आत त्याला कळत असतं की ही मान माझी नाही, तुकवून घेतलेली आहे. शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या नजरेचं तसं नसतं. तिला शिक्का नाही, तारीख नाही. म्हणून तिने बदललेलं मत आपल्याला आपलंच वाटतं.

बाकीच्या हातांचं काय? तुम्ही ते मोजलेत आणि प्रत्येक हातामागे श्रद्धा धरलीत. स्वतःचा हात मात्र भिडेचा. हाच हिशेब तुमच्या शेजारी बसलेल्यानेही केला असेल तर? १९३२ साली रिचर्ड शँक या संशोधकाने अमेरिकेतल्या एका खेड्यात राहून नेमकं हे नोंदवलं. गावातले चर्चवाले चारचौघांत पत्ते, तंबाखू, दारू यांना कडक विरोध करत आणि दारं लावून घरात यातलं बरंच चाले. प्रत्येकाला वाटे की गावात असा सैल आपण एकटेच, बाकीचे खरे कडक. सगळे मिळून असा नियम पाळत होते जो त्यांतल्या अनेकांना मनातून नको होता.

तुमच्या गावात तसंच आहे असं आम्ही इथून सांगू शकत नाही. पण खुणा बघता येतात. वर्गणीचा पहिला हप्ता किती घरांनी मुदतीत भरला? ज्यांना देऊळ मनापासून हवं असतं ते पैसे आधी आणून देतात. 'चवथ होऊ दे, मग बघू' हे पैसे नसण्याचं लक्षण असतं किंवा मन नसण्याचं. लोक बोलतात कसे, तेही ऐका. 'मला नवं देऊळ हवं' असं म्हणणारे किती आणि 'लोकांना हवंय', 'कमिटीने ठरवलंय', 'देवीची इच्छा' असं म्हणणारे किती? सभा सुटल्यावर तिठ्यावर पाच मिनिटं कोण रेंगाळलं आणि कुणाच्या येण्याने बोलणं बदललं? एवढ्यावरून निकाल काढू नका. मात्र साठ हात म्हणजे साठ मतं, हा हिशेब सोडून द्यायला एवढं पुरे.

कौलाबद्दल लिहिताना आम्ही जपून लिहितो, कारण तो तुमच्यासाठी देवीशी बोलण्याचा मार्ग आहे आणि तो खरा की खोटा हे ठरवणं या सदराचं काम नाही. पण कौल मानणाऱ्या माणसानेही एक गोष्ट नीट पाहावी. ओल्या पाकळ्या मूर्तीच्या ठरावीक जागी लावतात, उजवीकडची पडली तर होकार आणि डावीकडची पडली तर नकार, ही सर्वसाधारण रीत. गावागावात थोडा फरक. पाकळी 'हो' किंवा 'नाही' एवढंच सांगते. प्रश्न माणसाने घातलेला असतो आणि उत्तराचा अर्थही माणूसच लावतो. गावाचं दडपण शिरतं ते या दोन ठिकाणी. 'आई, तुझं देऊळ चांगलं व्हावं असं तुझ्या मनात आहे का' याला मिळालेला उजवा आणि 'हे देऊळ मुळापासून पाडावं का' याला मिळालेला उजवा एकच नव्हेत. 'छप्पर नि वासे बदलून हेच ठेवावं का' असा प्रश्न घातलाच गेला नसेल, तर देवीने त्याला नकार दिला असं कुणालाच म्हणता येणार नाही.

म्हणून पुजाऱ्यांना किंवा ज्यांनी गाऱ्हाणं घातलं त्यांना दुपारच्या निवांत वेळी, एकटं गाठून, आदराने विचारा: "काका, गाऱ्हाण्यात नेमके शब्द काय होते?" मग किती वेळा लावला, पहिल्या खेपेला काय झालं, त्या वेळी तिथे कोण कोण होतं. बस्स. 'तुम्ही चुकीचं विचारलंत' हे वाक्य मनातही आणू नका, ते तोंडावर दिसतं. कौलावर तुमची श्रद्धा असेल तर शब्द विचारणं हा त्याचा मान आहे. श्रद्धा डळमळली असेल तर निदान कशावरून डळमळली ते कळेल: पाकळीवरून की सांगणाऱ्यावरून.

गाऱ्हाण्याचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो. गाऱ्हाणं घालणारा एकेक वाक्य म्हणतो आणि जमलेले 'व्हय म्हाराजा' म्हणतात. तिथे ते शोभतं. तो मागणं एका आवाजात देवापुढे ठेवण्याचा विधी आहे आणि भजनात सगळ्यांनी एका पट्टीत यावं तसाच तो सुंदर आहे. पेटीवाल्याला हे आम्ही काय सांगावं. घोटाळा होतो तो त्याच सभामंडपात, त्याच माणसांनी, त्याच सुरात वर्गणीचा ठराव मांडला की. जीभ सवयीने 'व्हय' म्हणते. गाव वाईट नसतो आणि कमिटीही कपटी असेलच असं नाही. जागा एक आणि माणसं तीच, म्हणून विधीचा होकार ठरावाला चिकटतो. तेव्हा सभेतला 'व्हय' ही श्रद्धेची साक्ष म्हणून धरू नका. त्यांचाही धरू नका, स्वतःचाही नको.

आता कागद. आणि तो आजच, कारण उशिराने नुकसान होतं. लिऑन फेस्टिंगर आणि जेम्स कार्लस्मिथ यांच्या १९५९ च्या प्रयोगात माणसांकडून तासभर अत्यंत कंटाळवाणं काम करून घेतलं आणि मग पुढच्या माणसाला 'काम मजेचं होतं' असं सांगायला लावलं. काहींना त्याचे २० डॉलर दिले, काहींना एकच. वीसवाले मागाहून म्हणाले, काम रटाळ होतं. एक डॉलरवाले म्हणाले, तसं वाईट नव्हतं. ज्याच्याकडे खोटं बोलायला भरभक्कम कारण नव्हतं त्याने मत बदलून खोट्याला खरं करून घेतलं. तुम्ही हात वर केला तो फुकट. अजून महिन्याभरात संगमरवर किती स्वच्छ राहतो, पावसात गळती नाही, म्हाताऱ्यांना बसायला जागा होईल, अशी कारणं तुमची तुम्हालाच सुचायला लागतील. काही खरीही असतील. पण ती हात वर गेल्यानंतर जन्मलेली असतील, हे तेव्हा लक्षात राहणार नाही.

वहीचं एक पान घ्या, वर तारीख घाला. सुरुवातीच्या तीन प्रश्नांसाठी तीन जागा करा. प्रत्येकाखाली लिहा: मला काय वाटतं, कशावरून वाटतं आणि काय दिसलं तर माझं मत बदलेल. शेजारी शून्य ते दहा असा आकडा, खात्री किती त्याचा. वीस मिनिटं पुरतात. हाताने लिहा, मोबाइलवर लिहिलेलं कुणाला तरी पाठवायचा मोह होतो आणि पाठवायचं ठरलं की माणूस वाचणाऱ्यासाठी लिहायला लागतो. रागात असाल तर त्या दिवशी नको, कारण मग पानभर अध्यक्षांचं वर्णन येईल आणि देऊळ बाजूलाच राहील. 'काय दिसलं तर मत बदलेल' ही ओळ रिकामी राहिली तर तिथेच थांबून विचार करा. ती कुठल्याच प्रश्नाला भरता येत नसेल, तर तुम्हीही कमिटीइतकेच घट्ट बसला आहात. पान मिटून ठेवा आणि पंधरा दिवसांनी उघडा. मधल्या काळात आकडा बदलला असेल तर का बदलला ते लिहा: नवी माहिती मिळाली म्हणून, की कुणीतरी नजर फिरवली म्हणून.

त्याच पानावर एक उलटा प्रश्नही टाका. उद्या सगळा गाव म्हणाला की जुनंच ठेवू या, तर मला जुनं इतकंच प्रिय राहील का? हा प्रश्न झोंबतो. काही जणांना गावाच्या विरुद्ध असण्यातच स्वतःपण सापडतं, आणि काहींच्या डोक्यात दुसरीच सभा भरलेली असते: पणजीतले जुन्या वास्तूंचे प्रेमी, ऑफिसातले शिकलेले मित्र, फेसबुकवर 'वारसा वाचवा' म्हणणारे. त्यांच्यासमोर वर केलेला हातही हातच.

सोबत शोधायची ती यानंतर. अ‍ॅशच्याच प्रयोगात परीक्षार्थ्याबरोबर खरं बोलणारा फक्त एक माणूस बसवला तेव्हा चुका जवळजवळ पावपट उरल्या. त्यातला बारकावा ध्यानात ठेवा: तो सोबती मध्येच काही कामासाठी उठून गेला तरी मिळालेला धीर बराचसा टिकत होता, पण तो पलीकडच्यांना जाऊन मिळाला तर चुका परत येत. म्हणून घाईने कुणालाही जोडू नका. जिवलग मित्र नको. तो तुमच्यासाठी 'हो' म्हणेल, म्हणजे पुन्हा तेच. कमिटीशी जुनं वैर असलेला तर मुळीच नको. त्याच्या शेजारी बसलात की तुमचा मुद्दा संपला आणि त्याचं वैर तुमच्या गळ्यात पडलं. ज्याने हात वर केला, पण पैसे अजून दिले नाहीत आणि जो बोलण्यात सावकाश आहे, असा बघा. देवळाच्या पायरीवर नाही, वाड्यावरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तर नाहीच. कुळागरात, बागेत, काजू वेचताना. आणि आधी विचारा, मग सांगा. "मला पटत नाही, तुला?" असं विचारलंत की तुम्हीच त्याच्यावर दडपण आणलंत. "जुन्या खांबांचं काय करणार, काही ऐकलंस?" एवढ्याने सुरुवात होते.

सभेत काय मागायचं? 'नको' म्हणू नका. 'नको'ला सभा उत्तर देत नाही, माणसाला देते. कामाचे मुद्दे मांडा. बांधकामाचा इंजिनिअर आणून भिंती, वासे, रिपा तपासून लेखी अहवाल घ्यावा. वाळवी कुठवर गेली आणि कुठे नाही ते वेगळं लिहून. डागडुजीचं अंदाजपत्रक आणि नव्याचं अंदाजपत्रक शेजारी शेजारी ठेवावं. काहीही ठरलं तरी आधी खांब, तुळया, दरवाजे यांची मापं आणि फोटो काढून ठेवावेत, आणि उतरवलेलं लाकूड कुठे ठेवायचं ते ठरावात लिहावं. 'नंतर बघू' म्हटलेलं लाकूड पहिल्याच पावसात कुजतं. चिऱ्याच्या भिंतीला सिमेंटचं प्लास्टर चढवलं की ओल आत कोंडते आणि भिंत आतून झडते, चुन्यातून ती बाहेर पडते, हेही इंजिनिअरच्या तोंडून येऊ द्या. तुमच्या तोंडून आलं तर 'पेटीवाला आता इंजिनिअर झाला' एवढीच चर्चा होईल.

आणि सगळ्यांत महत्त्वाची मागणी: हात वर नकोत, चिठ्ठ्या. अ‍ॅशच्या माणसांना उत्तर मोठ्याने न सांगता लिहून द्यायची मुभा मिळाली की होयबा पुष्कळ घटले. पण चिठ्ठी चर्चेआधी हवी. तासभर वडीलधारी मंडळी बोलल्यावर घेतलेली चिठ्ठी म्हणजे हातच, फक्त घडी घातलेला. पर्याय तीन असावेत, 'पाडून नवं', 'दुरुस्ती', 'अजून ठरवलं नाही', आणि तिसरा गाळू देऊ नका. बरीच माणसं तिथेच असतात. नुसती खूण करायची, कारण साठ घरांच्या गावात अक्षर ओळखता येतं. मोजायला दोघे, एक कमिटीचा आणि एक बाहेरचा.

कमिटी म्हणेल, अशी पद्धत नाही. तेव्हा ती कोणत्या नियमाने चालते ते विचारा. गोव्यातली बरीच देवस्थानं अजून १९३३ च्या पोर्तुगीजकालीन माझानिया (महाजनांच्या संस्था) नियमांखाली आहेत. महाजनांची, म्हणजे देवस्थानाच्या नोंदलेल्या सभासदांची, नोंदवही असते, समिती दर तीन वर्षांनी निवडली जाते आणि मामलेदार देवस्थानांचा प्रशासक असतो. तुमचं देवस्थान त्यात मोडत असेल तर मत महाजनांचं, आणि वर्गणी मात्र कुळाव्यांसकट (ही देवी कुलदैवत मानणाऱ्या इतर घरांसकट) सगळ्यांची, अशी गंमत असू शकते. सभेआधी कळलेलं बरं. सभेत बायका किती होत्या हेही पाहा. चवथीला माटोळीखाली (गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या छताखाली) आणि जत्रेला गर्भकुडीपुढे सगळ्यांत जास्त वेळ उभ्या राहणाऱ्या बायकाच, आणि ठरावाच्या वेळी त्या घरी असतील तर 'सगळा गाव' हा शब्द जरा जपून वापरावा.

हे सगळं एकदाच बोलून काही होणार नाही. सर्ज मोस्कोव्हिसी यांच्या १९६९ च्या प्रयोगात सहा जणांच्या गटातले दोघे पढवलेले होते आणि ते निळ्या रंगाला हिरवा म्हणत. दोघे प्रत्येक वेळी ठामपणे तेच म्हणाले तेव्हा बाकीच्यांची सुमारे ८ टक्के उत्तरं हिरव्याकडे वळली. कधी हे, कधी ते म्हणाले तेव्हा सव्वा टक्का. आकडे लहान आहेत आणि मुद्दाम लहानच सांगतोय. दोन माणसं गाव फिरवत नाहीत. पण तीच मागणी त्याच शब्दांत, आवाज न चढवता, दोन-तीन सभांत आली तर ऐकणाऱ्यांत काहीतरी हलतं. आवाज चढला की ते पुन्हा बसतं.

बायकोचं म्हणणं उडवून लावू नका. ती घाबरट नाही, ती हिशेब करतेय आणि तिच्या हिशेबात मुलगी आहे. इथे तुमच्याजवळ एक भांडवल आहे. एडविन हॉलंडर यांनी १९५८ मध्ये मांडलेली कल्पना आपल्या भाषेत सांगायची तर: जो माणूस गटात वर्षानुवर्षं रीतीने वागतो त्याची पत साठते, आणि ती खर्चून तो एखाद्या बाबतीत वेगळं बोलू शकतो. नवख्याला ते माफ होत नाही. वीस वर्षं पेटी ही तुमची पत. ती एकाच गोष्टीवर खर्च करा, चिठ्ठ्यांवर. कौलाचा प्रश्न सभेत काढू नका, वर्गणीच्या हिशेबावर त्याच दिवशी बोलू नका. आणि सप्ताहाला पेटीवर नेहमीच्या वेळी, नेहमीच्या जागी बसा. लोक बोलण्यापेक्षा वागणं बघून माणसाची श्रद्धा जोखतात. तुम्ही रुसून घरी बसलात तर 'बघा, याचा देवावरच विश्वास नाही' ही गाठ गावाच्या डोक्यातही पक्की होईल.

तेही परवडणारं नसेल तर परवडणारं नाही, त्यात लाज नाही. पण गप्प राहणं आणि 'हो' म्हणणं यांत फरक आहे. तुम्हाला हात खाली ठेवून 'माझं अजून ठरलं नाही' म्हणता येतं. वर्गणी द्यावीच लागली तर दुरुस्तीच्या किंवा अन्नसंतर्पणाच्या खात्यात द्या आणि पावतीवर तसं लिहून घ्या. कुणी वाळीत टाकायची भाषा केली तर तारीख, शब्द, हजर माणसं लिहून ठेवा. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा वेगळा कायदा आहे, तो गोव्याला लागू नाही. इथे मामलेदार आणि पोलीस यांच्याकडे लेखी तक्रार हाच रस्ता. बहुतेक वेळा गोष्ट तिथवर जात नाही, चार महिने कुणी नीट बोलत नाही एवढंच. तेही सोसायला जड असतं.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. विश्वास गावाकडून आला यात शंका नाही. भाषाही गावाकडूनच आली, म्हणून तुम्ही तिच्यात बोलता ते गावाचं होत नाही. शिरगावच्या लईराई देवीची बहीण म्हणून म्हापशाच्या चर्चमधल्या मिलाग्रिस सायबिणीला, म्हणजे मेरीमातेला, जिथे मानतात, त्या मुलखात श्रद्धा एका साच्याची कधीच नव्हती. प्रत्येक घराने आपापली थोडी वाकवून घेतलेली आहे. तुमची किती आणि गावाची किती, याची वाटणी बसून करता येणार नाही. पण एक करून बघा. मंगळवार, शुक्रवार, पौर्णिमा, आरतीची वेळ सोडून आडवारी दुपारी देवळात जा, कुणी नसताना. पंधरा मिनिटं बसा. काही मागू नका, आंगवण (नवस) बोलू नका, मोबाइल घरी. असं आठवड्यातून एकदा, चार आठवडे, आणि प्रत्येक वेळी घरी येऊन दोन ओळी. एका खेपेत काही वाटलं नाही तर त्यावरून काही ठरवू नका. भरल्या सभामंडपात टाळांचा कल्लोळ असतो, त्याची सवय असलेल्याला पहिल्या दिवशी नुसतं रिकामं वाटतं. चौथ्या खेपेला जे उरलं असेल, जास्त किंवा थोडं किंवा अजिबात नाही, ते तुमचं. आणि ते कुणाला सांगितलंच पाहिजे असं नाही, आम्हालाही नाही.

सभेला जाताना चिठ्ठ्यांचे कागद तुम्हीच कापून न्या. एकाच वहीचे, एकाच मापाचे, घरं असतील त्यापेक्षा दहा जास्त, आणि एका रंगाची चार-पाच पेनं. कमिटी तयार झाली आणि ऐन वेळी कागदच नाहीत, म्हणून पुन्हा हातच वर झाले, असं फार ठिकाणी होतं.